विचारण्याची किंमत

पुणेरी पाट्यांवरचे विनोद आता महाराष्ट्राला पाठ झाले आहेत. त्यातल्या बऱ्याचशा पाट्या एकाच त्रासातून जन्मल्या, तो म्हणजे पत्ता विचारणाऱ्यांचा. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत घर शोधायचे तर घरनंबरापेक्षा मारुती, गणपती, टॉकीज आणि दवाखाने यांच्या खुणा ठाऊक असाव्या लागतात. पेठेतल्या माणसाला त्या लहानपणापासून माहीत असतात, परगावच्या माणसाला एकही नाही. मग दिवसभर कोणी ना कोणी दारात उभे राहून ‘अमुक इथंच राहतात का हो?’ म्हणणार आणि आतला माणूस एक दिवस वैतागून पाटी लावणार. पाटी लावणाऱ्याची बाजू आपण हसत हसत ऐकली. विचारणाऱ्याची बाजू फारशी कोणी मांडली नाही. परगावच्या माणसाला शहरात पाय ठेवल्यापासून विचारत राहावे लागते, आणि विचारणे कधीच फुकट नसते. त्याची किंमत कधी पैशात मोजावी लागते, कधी वेळात, तर कधी मानात. आजचा पर्यटक घरातून निघताना मोबाइलवरचे अ‍ॅप का उघडतो, या प्रश्नाचे उत्तर या किमतीच्या इतिहासात आहे.

पाठ्यपुस्तकातले उत्तर वेगळे आहे. 1989 साली फ्रेड डेव्हिस या अमेरिकी अभ्यासकाने अशी मांडणी केली की, नवे तंत्र माणूस दोन कारणांनी स्वीकारतो: ते उपयोगी वाटते आणि वापरायला सोपे वाटते. प्रवासाच्या अ‍ॅपवर झालेला बराच अभ्यास याच मांडणीच्या आधाराने झाला आहे. उत्तर चूक नाही, पण अर्धे आहे. उपयोगी कोणापेक्षा आणि सोपे कशापेक्षा, हे त्यातून कळत नाही. अ‍ॅप येण्याआधी तेच काम कोण करत होते आणि त्या बदल्यात प्रवाशाकडून काय घेत होते, हे पाहिल्यावरच उत्तर पुरे होते. मराठी मुलखातल्या प्रवाशांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा माग काढता येतो, आणि त्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. प्रत्येक काळात प्रवाशाच्या नवखेपणावर जगणारी एक व्यवस्था होती. प्रत्येक नव्या सोयीने त्या नवखेपणाची किंमत थोडी कमी केली आणि लोकांनी ती सोय उचलली. अ‍ॅप हे त्या मालिकेतले अगदी अलीकडचे साधन. त्याच्या वापरामागे चैन आणि नवलाई थोडीफार असेलच, पण खरे कारण नवखा म्हणून नाडले जाऊ नये, हे आहे.

रेल्वे येण्यापूर्वीचा प्रवासी ओळखीवर चालत असे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे 1857 साली काकांबरोबर उत्तर हिंदुस्थानात जायला निघाले. घरावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असल्याची बातमी आली होती. तिथे दक्षिणा मिळेल ही आशा. ही मंडळी बंडाच्या ऐन धामधुमीत सापडली. पुढे विष्णुभटांनी लिहून ठेवलेली हकिगत चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली. झाशीच्या हकिगतीसाठी हे पुस्तक वाचले जाते, पण प्रवासाचा दस्तऐवज म्हणूनही ते मोलाचे आहे. रात्री उतरायचे कुठे, पुढचा रस्ता चालता आहे की नाही, गाठीचा पैसा सांभाळायचा कसा, या प्रश्नांची उत्तरे त्या काळी वाटेवरच्या माणसांकडूनच मिळत, आणि भरवशाची उत्तरे आपल्या माणसांकडून. ग्वाल्हेर, झाशी, ब्रह्मावर्त इथे मराठी दरबार आणि मराठी घरे होती, म्हणून कोकणातला भिक्षुक एवढ्या लांब जाऊ शकला. ओळखीची ही व्यवस्था प्रेमळ होती. पण ती भाषा, जात आणि नाते यांच्या आधारावर उभी होती. ज्याला ती जन्माने मिळाली नाही, त्याला कोणत्याही किमतीला विकत घेता येत नव्हती.

तीर्थयात्रेला जाणाऱ्यांसाठी याच ओळखीचे पक्के दप्तर तयार झाले होते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळीच्या वह्या म्हणजे हेच दप्तर. यात्रेकरू आला की पहिला प्रश्न गाव कोणते, दुसरा आडनाव काय. मग फडक्यात बांधलेल्या लांबट वह्यांमधून नेमकी वही निघे, पाने उलटली जात आणि आजोबा अमुक साली आले होते, बरोबर कोण होते, हे त्यांच्याच हस्ताक्षरासह समोर येई. नवखा माणूस एका क्षणात ओळखीचा होऊन जाई. राहणे, जेवणे, विधी, देवदर्शन यांची सोय एकाच घरी होई आणि शेवटी नव्या पिढीची नोंद वहीत चढे. या सोयीची किंमत मात्र यजमानाच्या हातात नव्हती. गावावरून उपाध्याय ठरलेला. दक्षिणा किती, हे विधी उरकत आल्यावर समजायचे. आणि दुसऱ्याकडे जाण्याची मुभा व्यवहारात जवळजवळ नव्हतीच. प्रवाशाची माहिती गोळा करून तिच्या बळावर त्याला आपल्याशी बांधून ठेवणारा धंदा मोबाइल येण्याच्या कितीतरी पिढ्या आधी आपल्याकडे चालू होता, हे इथेच नोंदवून ठेवले पाहिजे.

या व्यवस्थेला पहिला धक्का छापील वेळापत्रकाने दिला. खंडाळा ते पुणे ही रेल्वे जून 1858 मध्ये सुरू झाली. मुंबईकडची रेल्वे आणि खंडाळा यांच्या मधला बोरघाट पार करायला प्रवाशांना पालखी, तट्टू किंवा स्वतःचे पाय यांचा आसरा घ्यावा लागे. 1863 मध्ये घाटातून रूळ गेले आणि मुंबई-पुणे सलग जोडले गेले. वेग वाढला हे तर खरेच, पण त्याहून मोठा बदल वेगळा होता. गाडी किती वाजता सुटणार आणि कोणत्या वर्गाचे भाडे किती, हे प्रथमच जाहीर झाले. समोरचा कोकणी की देशी, सावकार की हमाल, हे पाहून तिसऱ्या वर्गाचे भाडे बदलत नव्हते. तिकिटाच्या खिडकीवर जात विचारली जात नव्हती. डबे घाणेरडे होते, गर्दी अमानुष होती, स्टेशनावर अपमान होत, हे सगळे खरे. तरी भाडे आधी कळण्याचे समाधान रेल्वेनेच आणले. याच सुमारास शहरांची माहितीही छापून मिळू लागली. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ 1863 चे, तर ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ 1868 चे. शनिवारवाडा, पर्वती, पेठा यांची माहिती कोणाच्या दारात न थांबता घरबसल्या वाचता यावी, ही कल्पना मराठी वाचकाला नवी होती.

एसटीने हीच जाहीर भाड्याची शिस्त गावोगावी नेली. 1 जून 1948 रोजी पुणे आणि अहमदनगर यांच्यामध्ये पहिली सरकारी बस धावली. त्याआधी खासगी मोटारी भरेपर्यंत सुटत नसत आणि भाडे चालकाच्या मर्जीवर असे. एसटीच्या स्टँडवर भिंतीवर रंगवलेले वेळापत्रक आले, टप्प्यांचे भाडे आले आणि ‘चौकशी’ची खिडकी आली. त्या खिडकीपाशी मात्र जुनी किंमत शिल्लक राहिली. स्वारगेटला सुट्टीच्या दिवशी त्या छोट्या जाळीत तोंड घालून ‘महाबळेश्वर कधी?’ विचारणाऱ्याला ‘बोर्ड बघा’ एवढेच उत्तर मिळे. बोर्डावरची अर्धी वेळ पुसलेली, आणि गाडी लागली की कोणत्या फलाटावर ते कर्ण्यातून ऐकू येईल तसे. खिडकीतल्या कर्मचाऱ्याचीही काही चूक नव्हती. एकच प्रश्न दिवसातून शेकडो वेळा ऐकणाऱ्याचा आवाज चढणारच. जाहीर माहिती होती, पण ती एका जागी, एका वेळी आणि एका थकलेल्या माणसाच्या तोंडून मिळत होती.

पुण्यातला सर्वांत बोलका पुरावा रिक्षाचा आहे. मीटर ही मुळात सार्वजनिक हिताचीच योजना. जुन्या यांत्रिक मीटरला बाहेरच्या बाजूला एक लोखंडी पट्टी असे. ती खाली पाडली की चाक फिरू लागे. दरवाढ झाली की मीटर लगेच बदलत नसे, म्हणून चालकाकडे दरपत्रकाचे कार्ड यायचे: डाव्या रकान्यात मीटरवरचा आकडा, उजव्या रकान्यात द्यायची रक्कम. पुणेकर ते कार्ड मागून घेई, उजेडात धरून वाचे आणि मोजून पैसे देई. पुणे स्टेशनवर पहाटे उतरलेल्या पाहुण्याला असे कार्ड असते हेच माहीत नसे. तो ‘मीटरने येणार का?’ असे विचारी आणि त्या प्रश्नातूनच आपण नवखे आहोत हे सांगून बसे. मग ‘हाफ रिटर्न द्यावं लागेल’, ‘तिकडून रिकामं यावं लागतं’, ‘सुट्टे नाहीत’ ही मालिका सुरू होई. चालकांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. इंधन, परवाना, कर्जाचा हप्ता यांनी ते पिळलेले, डॉ. बाबा आढाव यांच्या रिक्षा पंचायतीने याच शहरात त्यांची बाजू वर्षानुवर्षे लढवली आहे, आणि बहुतेक चालक मीटरनेच जातात. पण प्रवाशाला आधी कळत नाही की समोरचा त्या बहुतेकांतला आहे की नाही. सप्टेंबर 2022 पासून पुण्यात रिक्षाचा पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला 17 रुपये असा दर ठरला. दर माहीत असूनही अंतर माहीत नसेल तर परगावच्या माणसाला हिशेब करता येत नाही. अ‍ॅप उतरायच्या ठिकाणाचे अंतर आणि रक्कम रिक्षात बसण्याआधीच दाखवते. तेवढ्यासाठी अनेक जण मीटरपेक्षा दोन पैसे जास्तही देतात.

इथे पहिला आक्षेप येतो: फोन स्वस्त झाले, 2016 नंतर इंटरनेट जवळजवळ फुकट झाले, यूपीआय आले, म्हणून लोक अ‍ॅप वापरतात, त्यात इतिहास शोधण्यासारखे काय आहे? फोन आणि इंटरनेट यांनी अ‍ॅप शक्य केले, पण इच्छा त्याआधीची होती. रेल्वेचे ऑनलाइन आरक्षण ऑगस्ट 2002 मध्ये सुरू झाले, तेव्हा सामान्य माणसाच्या खिशात स्मार्टफोन नव्हता. सुरुवातीला तर संगणकावर काढलेले तिकीट कुरिअरने घरी येई. तरीही लोक सायबर कॅफेत जात, ओळखीच्या मुलाला पैसे देत, पण स्टेशनवरच्या पहाटेच्या रांगेपासून सुटका करून घेत. बंगळुरूत 2006 साली सुरू झालेल्या रेडबसची गोष्टही अशीच आहे. तिच्या संस्थापकाला दिवाळीत हैदराबादला जाणाऱ्या खासगी बसचे तिकीट मिळाले नाही, आणि कोणत्या एजंटाकडे किती जागा आहेत हे कोणालाच सांगता आले नाही. पुण्यात शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या नांदेड, लातूर, अमरावती, नागपूरच्या तरुणांना ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात फिरणे हा एकेकाळी सणाचाच भाग होता.

दुसरा आक्षेप सवलतींचा. कंपन्यांनी आरंभी कूपने वाटली, स्वस्तात गाड्या फिरवल्या आणि लोकांना सवय लावली, असे म्हटले जाते. तेही खरे; पण कूपने आटली, भाडी चढली आणि वापर टिकला. त्याहून पटणारा पुरावा सवलत न देणाऱ्या साधनांचा आहे. गाडी नेमकी कुठे पोचली हे मोबाइल टॉवरच्या खुणेवरून, इंटरनेट नसतानाही सांगणारे ‘व्हेअर इज माय ट्रेन’ कोणालाही एक रुपया वाचवून देत नाही. पुणे मेट्रोचा पहिला टप्पा मार्च 2022 मध्ये सुरू झाला. फोनवर तिकीट काढणारा तिथे रांग टाळतो आणि सुट्ट्या पैशांची घासाघीस टाळतो. ही साधने विकतात ती निश्चिती. गाडी येणार आहे, जागा आहे, रक्कम अमुक आहे, आणि हे जाणून घेण्यासाठी कोणासमोर अजीजी करावी लागली नाही.

उलट बाजूचे पुरावेही तपासले पाहिजेत, कारण त्यांतूनच मुद्दा पक्का होतो. दरवर्षी ज्ञानोबांची पालखी पुण्यात भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या आणि तुकोबांची पालखी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात मुक्कामाला असते. लाखो वारकरी शहरातून चालत जातात. त्यांच्यातही फोन भरपूर आहेत, पण वाट, मुक्काम, जेवण यांसाठी त्यांना अ‍ॅप लागत नाही. दिंडीचा क्रम ठरलेला, मुक्काम पिढ्यान्‌पिढ्यांचे, पंगत कुठे बसणार हे आधीपासून माहीत. पालखी कुठे पोचली आणि कोणते रस्ते बंद आहेत, हे फोनवर शोधतात ते पुणेकर! जिथे विचारावेच लागत नाही, तिथे अ‍ॅपची गरज उरत नाही. दुसरा पुरावा मराठी सहल कंपन्यांचा. 1984 पासूनची केसरी, 2013 ची वीणा वर्ल्ड यांच्यासारख्या कंपन्या अ‍ॅपच्या काळातही भरभराटीत आहेत. विमान, हॉटेल, टॅक्सी सारे फोनवर मिळत असताना माणसे सहल व्यवस्थापकाच्या झेंड्यामागे का चालतात? कारण परदेशात नवखेपणाची किंमत वेगळी असते: भाषा, औषध, शाकाहारी जेवण, हरवलेला पासपोर्ट. तिथे पडद्यापेक्षा मराठी बोलणारा माणूस स्वस्त पडतो. प्रवासी तंत्रावर भाळून धावत नाही. नवखेपणाचा भार जिथे कमी होईल तिथे तो जातो, मग ते अ‍ॅप असो, दिंडी असो की सहल कंपनी.

तिसरा आक्षेप जुन्या माणसांचा आणि हळव्या लेखांचा आहे: विचारता विचारता गप्पा होत, चुकलेल्या वाटेवर एखादे मंदिर किंवा मिसळीचे दुकान सापडे, आणि अ‍ॅपने हे सारे नेले. या तक्रारीत तथ्य आहे, पण ती करणारे कोण, हेही पाहावे. ज्याला भाषा येते, जो पुरुष आहे, ज्याच्याकडे वेळ आहे आणि ज्याचा पेहराव पाहून कोणी दार लावून घेत नाही, त्याला वाट चुकण्यात मजा वाटते. रात्री साडेअकराला स्वारगेटला उतरलेली एकटी मुलगी, मराठी न समजणारा ईशान्येकडचा विद्यार्थी, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात आईला घेऊन आलेला सोलापूरचा शेतकरी, यांना वाट चुकण्यात मजा कधीच नव्हती. त्यांना विचारण्याची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागे. गाडीचा नंबर, चालकाचे नाव आणि मार्ग घरच्यांना पाठवता येणे ही त्यांच्यासाठी सुरक्षिततेची गोष्ट आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि त्याला पुरेसे उत्तर अजून मिळालेले नाही. अ‍ॅपने नवखेपण संपवले की फक्त त्याची जागा बदलली? प्रवाशाला आता शहर ठाऊक असते, पण अ‍ॅप ठाऊक नसते. संध्याकाळच्या पावसात भाडे दीडपट का झाले, शेजारी उभ्या माणसाच्या फोनवर तोच मार्ग वेगळ्या दराने का दिसतो, हे तो विचारू शकत नाही. विचारायला समोर माणूसच नाही. उपाध्याय निदान तोंडावर बोलत असे. खासगी बसची भाडी सणासुदीला इतकी चढू लागली की एप्रिल 2018 मध्ये राज्य सरकारला एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येणार नाही, असा निर्णय काढावा लागला. रिक्षाचालकांनी नोव्हेंबर 2022 मध्ये बाइक टॅक्सीविरुद्ध पुण्यात बंद पुकारला. जानेवारी 2023 मध्ये उच्च न्यायालयाने परवान्याशिवाय चालणारी सेवा थांबवायला सांगितली. मार्च 2024 मध्ये पुण्याच्या परिवहन प्राधिकरणाने ओला आणि उबर यांचे चारचाकीचे परवाना अर्ज फेटाळले, तरी गाड्या धावत राहिल्या. 2025 मध्ये तर पुण्यातले अनेक चालक अ‍ॅपवर दिसणारी रक्कम परवडत नाही म्हणून सरकारी दराने पैसे मागू लागले. ज्या घासाघिशीतून सुटण्यासाठी प्रवाशाने फोन हातात घेतला, तीच गाडीत बसल्यावर पुन्हा सुरू झाली.

यातून धडा कोणता घ्यायचा? अ‍ॅप बंद करा, असा तर नाहीच. वेळापत्रक, टप्प्याचे भाडे, मीटर, दरपत्रक ही सारी साधने सार्वजनिक होती, त्यांच्यावर जाहीर वाद झाले, आणि म्हणूनच ती सुधारत गेली. प्रवाशाला दिलासा मिळाला तो भाड्याचा नियम उघडा होता म्हणून. तो कागदावर छापला की पडद्यावर आला, ही नंतरची गोष्ट. खासगी अ‍ॅप लोकांनी उचलले, कारण सार्वजनिक व्यवस्थांनी आपलीच माहिती नीट पोचवली नाही. पुण्याच्या शहर बससेवेची, म्हणजे पीएमपीएमएलची, बस कुठे आहे, एसटी कोणत्या फलाटावर लागणार, रिक्षाचे या ठिकाणचे कायदेशीर भाडे किती, ही सगळी माहिती सरकारी यंत्रणांकडेच आहे. ती खुली, अचूक आणि मराठीत मिळाली पाहिजे. आणि खासगी कंपन्यांनी भाडे कोणत्या सूत्राने ठरवले, हे दरपत्रकाइतकेच स्पष्ट दाखवले पाहिजे. महापालिका, परिवहन प्राधिकरण आणि राज्य सरकार यांनी हे काम अंगावर घेतले नाही, तर नवखेपणावर चालणारा जुना धंदा नव्या मालकाकडे जाईल, एवढाच फरक पडेल.